साहेबांच्या मानेतला भुसा

सोमवार, ४ मार्च

चि. थोरलीस,

अक्षर ओळखलं असशील, तेव्हा पत्र कुणाचं ते पाहायला शेवटचं पान उलटू नकोस. हे पत्र मी भांडायला लिहीत नाही आणि समेटासाठीही नाही. कळवायला लिहिते आहे. तुझ्या भावाला मुलगा झाला, हे त्यानं फोनवर सांगितलंच असेल. पण तो जे सांगतो आणि प्रत्यक्षात जे असतं, त्यांत कायम तफावत असते. तो म्हणेल, 'ताई, सगळं मजेत.' मजेत काय आहे आणि काय नाही, हे घरातल्या निदान एका माणसानं नीट लिहावं, म्हणून हा खटाटोप. उत्तराची अपेक्षा नाही.

मूल चार महिन्यांचं आहे. नाव ठेवलं आहे, पण त्या नावानं हाक कोणी मारत नाही. उताणा पडून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा नजरेनं पाहतो, की न कळवता तपासणीला आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची आठवण यावी. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी त्याला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली आणि आता तेच रूढ झालं आहे. मी पहिले काही दिवस विरोध केला. नंतर मीच एकदा 'साहेबांचं दूध कोमट झालं का?' असं विचारून बसले.

गेल्या आठवड्यात साहेबांना स्वतःचा हात सापडला. मूठ डोळ्यांसमोर धरायची, उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची, हाच उद्योग. परीक्षेच्या हॉलमध्ये अशी मुलं मी ढिगानं पाहिली आहेत. तळहातावर काही लिहिलेलं असल्याशिवाय माणूस तळहाताकडे इतका वेळ बघत नाही. मी साहेबांचा तळहात उघडून पाहिला. दुपट्याचे धागे निघाले, बाकी काही नाही.

आता मुद्दा. दर शनिवारी दुपारी सूनबाई साहेबांना बाबागाडीत घालून बाहेर पडते, धाकटा बरोबर असतो, आणि दिवेलागणीला तिघे परततात. मी विचारलं, "कुठे जाता?"

"इथेच आई, बागेत."

बाग आमच्या कोपऱ्यावर आहे. तिचं फाटक माझ्या खिडकीतून स्पष्ट दिसतं. त्या फाटकातून हे तिघे आत जाताना मी अजून एकदाही पाहिलेले नाहीत.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. तू अजून त्याच लांबच्या शहरात, त्याच छापखान्यात आहेस, असं धाकटा म्हणतो. तो म्हणाला, "तू पाकीट बंद करून दे, पत्ता मी घालतो, ऑफिसातून टाकतो." म्हणून त्याच्याकडे देते आहे.

आई


मंगळवार, २६ मार्च

चि. थोरलीस,

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं होतं, तरी तू पाठवलंस. दोन ओळींचं. धाकट्यानं नुसती चिठ्ठीच हातात दिली. पाकीट म्हणे ऑफिसातच फाडून टाकलं. कागद सांभाळून ठेवायची सवय त्याला लावायची राहूनच गेली.

तू विचारलंस, नाक कुणाचं. नाक आपल्याकडचं आहे. सूनबाईच्या माहेरची मंडळी येऊन गेली तेव्हा त्यांनी ते आपलं म्हणून मिरवलं. मी वाद घातला नाही. तुझ्या बाबांचा फोटो फक्त बैठकीत त्यांच्या समोर येईल असा हलवून ठेवला.

हात जुना झाला. आता साहेबांना पाय सापडले आहेत. उजवा पाय हातात येतो, डावा निसटतो, त्यामुळे डाव्यावर राग आहे. आणि हसू फुटलं आहे. आधी नुसतंच तोंड फाकायचं, आता आवाज येतो. दंतवैद्य शिंकले की हमखास. दंतवैद्य त्यासाठी दिवसातून दोनदा वर येऊन खोटं खोटं शिंकतात. परवा त्यांना खरी शिंक आली तेव्हा साहेब हसले नाहीत. मूल हुशार आहे.

साहेबांना सकाळी आंघोळ मी घालते. ते काम मी कुणाला देत नाही. चार-सहा महिन्यांच्या मुलाला मान अशी नसतेच, नुसत्या वळ्या असतात, आणि त्या वळ्यांत काय काय सापडतं हे मला आता पाठ झालं आहे. सुकलेलं दूध, लोकरीचे धागे, एकदा सूनबाईचा केस. या रविवारी सापडली पिवळट बारीक पूड. मी ती चिमटीत घेऊन उजेडात पाहिली आणि हुंगली. लाकडाचा भुसा.

सूनबाईला बोलावलं. "हे काय आहे?"

"पावडर असेल, आई."

"पावडर पांढरी असते."

"मग बागेतली धूळ."

"धुळीला ताज्या लाकडाचा वास येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, तुम्ही त्याला हुंगता?"

"तपासते," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि टॉवेल घेऊन आली. तिचं हे 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही. त्या शब्दाला खालून दुसरा दरवाजा असतो. ही मुलगी पाताळयंत्री आहे असं मी म्हणणार नाही. पण पाताळात तिनं निदान एखादी खोली भाड्यानं घेतलेली असावी.

तू उत्तर दिलंस म्हणून हे लिहिलं. पुन्हा लिहायलाच हवं असं तुझ्यावर बंधन नाही.

आई


सोमवार, २२ एप्रिल

चि. थोरलीस,

काल सगळे मिळून तळ्यावर गेलो. मी आग्रह धरला म्हणून. बंद खोलीत माणूस तोंड सांभाळतो, मोकळ्यावर सुटतं, असा माझा अनुभव आहे.

साहेबांनी पहिल्यांदा बदक पाहिलं. इतकं गंभीर तोंड मी प्राचार्यांचंही पाहिलेलं नाही. बदक पाण्यात डोकं घालून उलटं झालं तेव्हा साहेबांनी श्वास धरला, आणि ते वर आल्यावर माझ्याकडे वळून पाहिलं. मी पाहिलं की नाही याची खात्री करायला. बाळाला काही दाखवावं लागतं हे ठाऊक होतं, पण बाळही आपल्याला दाखवतं हे मी विसरले होते.

चटईवर ते पालथेही पडले. घरी दोन आठवडे नुसती कुशीपर्यंत मजल जायची आणि हात खाली अडकायचा. काल कुणाच्या ध्यानीमनी नसताना पूर्ण वळले. डोकं वर करून चारी बाजूंना नजर टाकली आणि रडायला लागले, कारण परत कसं यायचं हे माहीत नव्हतं. सूनबाई उचलायला धावली. मी म्हटलं, "थांब, करू दे त्याला." तिनं ऐकलं नाही. उचललंच. उचलताना म्हणाली, "अडकलेल्याला थांब म्हणू नये हो आई." आवाज अगदी गोड होता.

आता खरी गोष्ट. धाकट्याला फोन आला आणि तो उठून झाडापलीकडे गेला. मी चप्पल शोधायच्या निमित्तानं उठले. एवढंच ऐकू आलं: "रंग वाळला की सांग. नाही, तिला काही कळलेलं नाही. शनिवारी आम्ही येतोच."

ताजं लाकूड. ओला रंग. दर शनिवारी फेरी. आणि 'तिला कळलेलं नाही.'

हे लोक घर घेत आहेत, थोरले. दारंखिडक्या बसवून झाल्या, रंगही झाला. राहायला जायच्या आदल्या दिवशी मला सांगतील, 'आई, तुलाही मोकळं वाटेल.' मला मोकळं वाटण्याची काळजी लोकांना नेहमी स्वतःच्या सोयीनं वाटते.

मी काही घाबरलेली नाही. एकटं राहायला मला येतं. सकाळी आंघोळ कुणाला घालायची, एवढाच प्रश्न आहे.

तुझा भाऊ तुला फोनवर घराबद्दल काही बोलला असेल तर कळव. चहाडी म्हणून नाही, माहिती म्हणून.

आई


सोमवार, २० मे

चि. थोरलीस,

घराबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. 'तू त्यांनाच सरळ का विचारत नाहीस?' असं उलट मलाच विचारलंस. सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं, हे ज्यांनी कधी पर्यवेक्षण केलं नाही त्यांना वाटतं.

आणि तू विचारलंस, 'खालचा दुसरा दात आला का?'

पहिल्या दाताबद्दल मी तुला काही लिहिलं नव्हतं. माझ्या पत्रांच्या नकला मी ठेवते, त्यामुळे खात्रीनं सांगते. तुझ्या भावानं सांगितलं असणार. बायकोच्या कपड्यांचा रंग त्याच्या लक्षात राहत नाही, पण दात कुठला ते राहिलं, म्हणजे बापपण त्याला मानवलेलं दिसतं. असो. दुसरा आला. मंगळवारी वाटीवर चमचा वाजावा तसा आवाज आला, तेव्हा कळलं. दंतवैद्यांनी बोट घालून पाहिलं आणि बोट काढून घेताना म्हणाले, "ठणठणीत आहे. माझ्या धंद्याला काही आशा नाही."

दातांसाठी म्हणून साहेबांकडे एक लाकडी खुळखुळा आला आहे. पिवळा. दुकानातून आणला, असं सूनबाई म्हणते. कुठल्या दुकानातून? 'त्या तिकडच्या.' खोक्यात नव्हता, किमतीची चिठ्ठीही नव्हती. मात्र काम चांगलं आहे. कुठे कड नाही, कंगोरा नाही. मी गालावरून फिरवून पाहिला.

साहेबांचा नवा शोध म्हणजे वस्तू खाली टाकणे. खुळखुळा टाकायचा, वाकून पाहायचं, आपण उचलून दिला की पुन्हा टाकायचा. आधी टाकलेली वस्तू त्यांच्यापुरती संपून जायची. आता ती खाली असते हे त्यांना कळलं आहे. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, हे समजायला माणसाला सात महिने लागतात. काहींना जास्तही लागत असतील.

चिठ्ठीच्या शेवटी तू लिहिलं आहेस, 'अजून बाह्या तपासतेस का?' टोमणा पोचला. उत्तर देते. मी कधीच नुसत्या बाह्या तपासून कुणाला उठवलं नाही. उत्तरपत्रिका तपासूनच उठवलं. दोन पेपरांत बरोबर उत्तरं सारखी असली, तर दोघांनी अभ्यास केला असं समजायचं. चूक सारखी असली, तर एकानं दुसऱ्याचं पाहिलेलं असतं. चुका ज्याच्या त्याच्या असतात, योगायोगानं जुळत नाहीत. तुझ्या आणि तुझ्या मैत्रिणीच्या नकाशात नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहत होती. दोघींचा बाण तसाच उलटा. भूगोलाच्या प्राध्यापिकेच्या मुलीनं नदी डोंगरावर चढवली, हेही एक वेळ मी गिळलं असतं. पण नियम माझ्या मुलीला वेगळा आणि इतरांना वेगळा, असं करता येत नव्हतं. मी विचारलं तेव्हा तू गप्प राहिलीस. गप्प राहणं हे आमच्याकडे उत्तरच धरत. वर्ष दोघींचं गेलं. घर सोडून मात्र तू एकटीच गेलीस.

हे लिहायचं नव्हतं. तू काढलंस म्हणून लिहिलं.

आई


रविवार, ७ जुलै

चि. थोरलीस,

साहेबांना आता माणसं कळायला लागली आहेत, म्हणजेच माणसांची भीती वाटायला लागली आहे. कालपर्यंत कुणाच्याही मांडीवर जाणारं मूल अचानक खालचा ओठ बाहेर काढतं. गॅसची टाकी आणणाऱ्याला पाहून रडले. शेजारणीला पाहून रडले. दंतवैद्य शिंकले तरी रडले, आणि ते बिचारे जिन्यात जाऊन बसले. मी नवा चष्मा लावून आंघोळीला बसवलं तर माझ्याकडे पाहून रडले. जुना चष्मा काढून लावला तेव्हा माझी ओळख पटली. नव्याला रीतसर पैसे मोजले आहेत, तरी सध्या जुनाच वापरते.

अनोळखी माणसाला हे मूल जवळ करत नाही, हे ध्यानात ठेव. पुढे लागेल.

काल शनिवार. मी सकाळीच जाहीर केलं, "आज मीही येते तुमच्याबरोबर."

धाकटा चहात बिस्कीट बुडवत होता. ते तुटून कपात पडलं. "आज खूप ऊन आहे, आई."

"माझ्याकडे छत्री आहे."

"तुझे गुडघे?"

"तेही माझ्याकडेच आहेत."

सूनबाई शांतपणे म्हणाली, "चला की. आज बागेतच जाऊ."

तो 'आज' ऐकलास? मी ऐकला.

निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता दोन्हीकडे फुटतो, हे तुला आठवत असेल. डावीकडे बाग, उजवीकडे पूल. बाबागाडी मी ढकलत होते. तोंडाशी आल्याबरोबर साहेब, जे तोवर निवांत टोपी चावत होते, ताठ बसले. उजवीकडे वळून दोन्ही हात पुढे केले आणि 'ह, ह, ह' असा आवाज सुरू केला, जेवणाची वाटी दिसली की करतात तसा. मी गाडी डावीकडे वळवली. साहेबांनी असा टाहो फोडला की पेपरवाला दुकानाबाहेर आला.

"भूक लागली असेल," सूनबाई म्हणाली.

"आत्ताच खाल्लंय त्यानं."

"मग झोप."

मी गाडी उजवीकडे वळवली. रडं थांबलं. डावीकडे वळवली. सुरू झालं. पुन्हा उजवीकडे. थांबलं. धाकटा म्हणाला, "आई, काय चाललंय तुझं, लोक बघताहेत." लोक बघोत. प्रयोग एकदाच करून चालत नाही.

थोरले, त्या मुलाला तो रस्ता पाठ आहे. आणि रिकाम्या घराच्या भिंतींसाठी कुठलंही मूल असे हात पुढे करत नाही. पुलापलीकडे माणूस आहे. माणसं पाहून रडणाऱ्या मुलानं ज्याच्यासाठी हात पसरावेत असं कोणीतरी. म्हणजे घराचा माझा अंदाज अर्धाच होता. घर असो वा नसो, कुणीतरी आहे, आणि साहेबांना ते माणूस माझ्या नव्या चष्म्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे.

बागेत आम्ही बाकावर बसलो.  सूनबाईनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम्हांला वाटतं तसं काही वाईट नाही हो, आई."

"मला काय वाटतं हे तुला कुठून माहीत?" मी विचारलं.

 तिनं साहेबांची टोपी नीट केली. तिला खरंच माहीत होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि ते मला त्या रस्त्यापेक्षाही जास्त खटकलं.

ती कुणी बाई असेल तर ती कोण, आणि माझ्या घरातलं मूल माझ्यापासून लपवून तिच्या मांडीवर का जातं, हे मी शोधून काढणार आहे.

आई


गुरुवार, ८ ऑगस्ट

थोरले,

काल संध्याकाळची गोष्ट. जेवणाच्या टेबलापाशी सगळे होतो. साहेब त्यांच्या उंच खुर्चीत. महिनाभर मी त्यांना लपाछपी शिकवते आहे. मी रुमाल माझ्या तोंडावर घेते, 'आजी कुठंय?' विचारते, ते रुमाल ओढतात, मी 'कुक' म्हणते. तेवढं त्यांना येतं. स्वतः लपायला येत नव्हतं. हात धरून डोळ्यांवर ठेवले तर काढून टाकायचे.

काल सहज विचारलं, "साहेब कुठंयत?"

साहेबांनी दोन्ही तळहात दोन्ही कानांवर घट्ट दाबले, हनुवटी वर केली, आणि डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे पाहत वाट बघत राहिले.

 मग सूनबाई म्हणाली, "कान दुखतोय की काय याचा?"

"कान दुखला की मूल रडतं," मी म्हटलं. "हा लपलाय." आणि साहेबांना म्हटलं, "सापडले." लगेच कानांवरचे हात निघाले, दोन्ही दात दिसले, खुर्ची हलली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा कान. पुन्हा हनुवटी.

"कुणी शिकवलं हे?"

"शिकतात मुलं आपली आपण," धाकटा म्हणाला.

"डोळे झाकायला शिकत असतील. कान झाकून लपलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय."

"कोण?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं, त्यात लबाडी नव्हती. त्याला कुठून माहीत असणार? तो जन्मलाच नव्हता. त्या वेळच्या घरात आम्ही तिघंच होतो. मी दाराआडून 'थोरली कुठंय?' विचारायची, आणि तू खोलीच्या मधोमध उभी राहून कान दाबून धरायचीस, हनुवटी वर. आपल्याला काही ऐकू आलं नाही की आपण कुणाला दिसत नाही, असं तुझं ठाम मत होतं. मी दुरुस्त करायला जायची. तुझे बाबा म्हणायचे, 'असू दे, तिच्या हिशोबानं ती लपलेली आहे.' बाबा गेले. हे ठाऊक असलेल्या उरलो तू आणि मी. मी साहेबांना शिकवलेलं नाही.

मी ताट बाजूला सारलं. सूनबाईनं पेल्यातलं पाणी संपवलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, आता मी ती पाताळातली खोली सोडते."

हे शब्द मी जगात एकाच माणसाला लिहिले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"साहेब अडीच महिन्यांचे होते तेव्हापासून. ताई छापखाना सोडून इकडे आल्या. पुलापलीकडे लाकडी खेळण्यांचा कारखाना आहे, तिथे असतात. घासकाम करतात, रंग देतात. शनिवारी अर्धा दिवस असतो त्यांना."

"आणि तळ्यावर तो रंग वाळायचा होता तो?"

"खुळखुळ्याचा."

"म्हणजे नवं घर..."

"कुठलं नवं घर?" धाकटा म्हणाला. "आई, आम्हांला या घराचा नळ दुरुस्त करून घेणं जमत नाही."

"माझी पत्रं?"

धाकटा आपल्या ताटाकडे बघू लागला. सूनबाईनंच सांगितलं. "शनिवारी तिकडेच वाचतो. म्हणजे ताई वाचतात. साहेबांना मांडीवर घेऊन, मोठ्यांदा. तुमचा आवाज काढून."

"माझा आवाज काढून?"

"हुबेहूब. साहेबांना तुमची पत्रं फार आवडतात. 'असो' म्हटलं की हसतात."

"आणि तू समोर बसून स्वतःबद्दलचं सगळं ऐकत होतीस?"

"पहिल्यांदा राग आला," ती म्हणाली. "मग पाताळ आलं. त्याच्यावर काय रागवायचं? माझ्या आईनंही माझं इतकं बारीक निरीक्षण कधी केलं नाही."

परीक्षा केंद्रावर मी बुटांचे तळवे उलटे करून पाहिले आहेत. आणि माझीच पाकिटं पत्ता न लिहिता मी इतके महिने तुझ्या भावाच्या हातात देत राहिले, त्याच्या खिशातून येणाऱ्या चिठ्ठ्यांना पाकीट नाही, तिकीट नाही, शिक्का नाही, हे पाहूनही त्याला वेंधळा म्हणत राहिले. दाताचं समोर आलं तेव्हाही त्यालाच शाबासकी दिली. संशय घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यावा. मी तुला वगळलं होतं, कारण तू लांब आहेस असं धरून चालले होते.

शेवटी विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

सूनबाई म्हणाली, "ताई म्हणाल्या, तिला सांगू नका. तिला सापडू दे. तिला स्वतःला सापडलेलंच खरं वाटतं."

 साहेबांनी तेवढ्यात पुन्हा कान झाकले होते आणि कुणी शोधत नाही म्हणून तोंड वाकडं करायला लागले होते. त्यांना मी 'सापडले' म्हटलं.

तर थोरले, सापडलीस.

आता कामाचं. सारखी चूक सापडली की एकानं दुसऱ्याचं पाहिलं, हा नियम मी नोकरीभर लावला आणि काल संध्याकाळीही लावला. काल तो अचूक लागला. पण रात्रभर एक गोष्ट डोक्यातून जात नाही. साहेबांनी तुझं पाहिलं, हे मला कळलं ते साहेब नऊ महिन्यांचे आहेत म्हणून. त्यांच्याकडून तू शिकलीस असं कुणी म्हणणार नाही. दोघं एका वयाची असती, तर नुसत्या चुकीवरून मला हे कळलं नसतं. चूक एवढंच सांगते, की कुणीतरी कुणाचं तरी पाहिलं. कुणी कुणाचं, ते सांगत नाही.

त्या नकाशात नदीचा बाण आधी कुणी उलटा काढला होता?

हे मी त्या वेळी विचारलं होतं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. पत्रांच्या नकला असतात, बोलण्याच्या नसतात. आता विचारते आहे.

उत्तर चिठ्ठीतून नको. धाकट्याच्या खिशातून तर नकोच. परवा शनिवार आहे. हे तिघे दुपारी तुझ्याकडे येतील, येताना तूही त्यांच्याबरोबर इकडे ये. पूल ओलांडून आमच्या गल्लीपर्यंत रस्ता साहेब दाखवतील. जिन्यात दंतवैद्य शिंकले तर घाबरू नकोस. अंगावर भुसा असेल तर असू दे, मी काही म्हणणार नाही. मी जुना चष्मा लावून बसेन, म्हणजे तुम्हां दोघांनाही ओळख पटायला त्रास नको.

हे पत्र धाकट्याकडे देत नाही. सूनबाईकडे देते आहे, आणि पाकीट बंद करत नाही. नाही तरी मोठ्यांदाच वाचलं जाणार आहे. शेवटच्या चार ओळी तुझ्या स्वतःच्या आवाजात वाच.

साहेबांना डोळे झाकायला शिकवणं मी बंद केलं आहे.

आई